एका सेंटचं मोल

पेशवाई बुडाली त्या धामधुमीत, १८१८ साली, त्र्यंबकेश्वराच्या देवळातला एक हिरा इंग्रजांच्या हाती लागला. दुसऱ्या बाजीरावाकडून तो कर्नल ब्रिग्जकडे, ब्रिग्जकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे आणि तिथून लंडनच्या ‘रंडेल अँड ब्रिज’ या जवाहिऱ्यांच्या पेढीवर गेला. तेव्हा त्याचं वजन होतं पावणेनव्वद कॅरेट. पेढीनं त्याचे पैलू नव्यानं पाडले आणि वजन ७८.६२५ कॅरेटवर आलं. १८३७ मध्ये मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या उमरावानं तो ७,२०० पौंडांना घेतला आणि आपल्या मिरवायच्या तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्यानं तो पॅरिसमध्ये खरेदी केला आणि पुन्हा कापायला घेतला. उरले ४३.३८ कॅरेट, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमहूनही थोडे कमी. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले. जगभरच्या नामांकित हिऱ्यांच्या यादीत तो ‘नासक डायमंड’ म्हणून ओळखला जातो. आपला नाशिकचा हिरा तो हाच.

सव्वाशे वर्षांत निम्मं वजन गेलं, तेही दोन नामवंत पेढ्यांनी पैसे मोजून, विचारपूर्वक घालवलं. ज्या वस्तूची किंमत वजनावर ठरते असं आपण धरून चालतो, तिच्या बाबतीत हे कसं घडतं? याचं उत्तर हवं तर आधी हिऱ्याचं वजन म्हणजे काय, ते कोण आणि कशावर करतं, आणि त्या आकड्याभोवती बाजार कसा फिरतो, हे पाहायला हवं.

हिऱ्याची प्रत चार गोष्टींवर ठरते: रंग, स्वच्छता, पैलू आणि वजन. रंग डोळ्यानं ठरतो, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून. स्वच्छता दहापट भिंगातून ठरते. दोन जाणकारांत इथे एखाद्या पायरीचा फरक पडतो आणि तो धंद्याला मान्यही असतो. वजनाला मात्र मत नसतं. काटा जे सांगेल ते दोघांनाही मुकाट मानावं लागतं. म्हणूनच या धंद्यातली हुशारी आणि हातचलाखी सहसा काट्यावर होत नाही. ती होते काट्याच्या आधी आणि काट्याच्या नंतर.

पुडीतून काट्यावर

मुंबईचा हिरेबाजार पूर्वी ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत आणि तिच्या आसपासच्या रस्त्यांवर भरत असे. २०१० मध्ये तो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये हलला. इमारत काचेची झाली, दारावर ओळखपत्रं तपासली जाऊ लागली. पण टेबलावरची हत्यारं तीच राहिली. पांढरा कागद, पांढरा दिवा, दहापट भिंग, ज्याला बाजारात ‘आयग्लास’ म्हणतात, लांब चिमटा आणि काटा.

हिरा येतो कागदाच्या पुडीतून. ठरावीक घड्या घातलेली ही पुडी आतून पातळ, गुळगुळीत, बहुधा निळसर कागदाची असते. तिच्या वरच्या पट्टीवर वजन लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर विश्वास असला तरी घेणारा पुडी उघडून हिरा स्वतःच्या काट्यावर ठेवतोच. त्यात कुणी अपमान मानत नाही.

आधी हिरा स्वच्छ कापडानं पुसायचा. हिऱ्याला तेलकटपणाची विलक्षण ओढ असते. खाणीवर चरबी फासलेल्या पट्ट्यावरून दगड-पाण्याचा लोंढा सोडून हिरे वेगळे काढण्याची रीत याच गुणावर बेतलेली आहे. बोटाचा तेलाचा थर डोळ्याला दिसत नाही, पैलूंना मात्र तो सोडत नाही. मग काट्याचं काचेचं झाकण लावून आकडा शून्यावर आणायचा. काचेचं हे घर शोभेचं नाही. एसीचा झोत, पंख्याचा वारा, अगदी जवळून टाकलेला श्वासही आकडा हलवतो. चिमट्यानं हिरा ताटलीच्या मधोमध ठेवायचा, झाकण लावायचं आणि हात टेबलावरून उचलायचा. आकडा थोडा वर-खाली होतो, मग थांबतो. थांबल्याची खूण पडद्यावर उमटली की वाचायचा. शेजारी कुणी कोपर टेकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

पडद्यावर दशांशानंतर तीन आकडे असतात. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. पाच कॅरेटचा एक ग्रॅम. कॅरेटचे शंभर भाग केले की एक ‘सेंट’. परदेशात त्यालाच ‘पॉइंट’ म्हणतात. एक सेंट म्हणजे फक्त दोन मिलिग्रॅम. आपल्या ताटातला तांदळाचा एक दाणा दहा-बारा सेंट भरेल, एवढंच हे माप. तिसरा आकडा सेंटचाही दहावा भाग दाखवतो.

हा तिसरा आकडा काट्यावर दिसतो, पण दाखल्यावर छापला जात नाही. जीआयए ही जगातली सर्वांत मान्यताप्राप्त हिरे तपासणी संस्था दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत वजन करते आणि दाखल्यावर दोनच छापते. शाळेतल्या गणितात तिसरा आकडा पाच किंवा जास्त असला की आपण दुसऱ्यात एक मिळवतो. हिऱ्यात तसं चालत नाही. तिसऱ्या जागी नऊ असेल तरच एक वाढतो. हिरा ०.९९८ भरला तर दाखल्यावर ०.९९ येतं, ०.९९९ भरला तरच १.००. शंका असेल तिथे वजन कमी धरायचं, विकणाऱ्याच्या फायद्याचं धरायचं नाही, असा हा नियम. सगळ्या धंद्यात ग्राहकाच्या बाजूनं झुकलेला असा नियम क्वचित सापडतो.

अँटवर्पचा काटा मुंबईत

जुन्या झवेऱ्यांकडे काचेच्या पेटीत दोन ताटल्यांचा तराजू असायचा. एका ताटलीत हिरा, दुसरीत पितळेची बारीक वजनं. तो तराजू दोन वस्तूंची तुलना करतो. पृथ्वी दोन्ही ताटल्यांना सारखीच ओढते, म्हणून तो अँटवर्पला ठेवा किंवा मुंबईत, उत्तर एकच.

आजचा इलेक्ट्रॉनिक काटा तुलना करत नाही. हिरा ताटलीला किती जोरानं खाली दाबतो ते तो मोजतो आणि त्या जोराचं रूपांतर कॅरेटमध्ये करतो. हा जोर सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वी विषुववृत्ताशी किंचित फुगलेली आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताच्या जवळ गुरुत्वाकर्षण थोडं कमी पडतं. अँटवर्पला त्याचं मान साधारण ९.८११ आहे, मुंबईत ९.७८६. फरक पाव टक्क्याच्या आसपास. भाजी तोलताना याची कुणाला फिकीर नाही. पण अँटवर्पला जुळवलेला काटा तसाच उचलून मुंबईत आणला आणि त्यावर नेमका एक कॅरेटचा हिरा ठेवला, तर तो ०.९९७ दाखवेल. वरच्या नियमानं दाखल्यावर ०.९९. हिऱ्याचा कणही उडालेला नाही आणि तरी तो एक कॅरेटचा राहिला नाही.

म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवावा लागतो. प्रमाणित वजन, समजा १०० कॅरेटचं म्हणजे २० ग्रॅमचं, चिमट्यानं उचलून ताटलीत ठेवायचं आणि काट्याला सांगायचं की हे शंभर. चांगल्या काट्यांच्या पोटात असं वजन आधीच बसवलेलं असतं आणि काटा स्वतःला अधूनमधून जुळवून घेतो. यावर सरकारची नजर असते ती वैध मापन शास्त्र यंत्रणेमार्फत. २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार व्यापारातल्या काट्याची पडताळणी करून मुद्रांकन करून घेणं बंधनकारक आहे. भाजीवाल्याच्या काट्यावरचा शिक्का आपण कधीमधी पाहतो. सराफाच्या काट्यावरचा पाहायला मात्र संकोचतो.

कुणाची रती?

हिरा तोलण्याची आपली परंपरा जगात सर्वांत जुन्यांपैकी आहे. अठराव्या शतकापर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त हिऱ्याच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात वजनाचं एकक आहे तंडुल, म्हणजे तांदूळ. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तंडुल आणि वीस तंडुलांच्या निर्दोष हिऱ्याची किंमत दोन लाख. त्याहून हलक्या हिऱ्यांना किंमत कशी उतरत जाते, याचं कोष्टकही तिथे आहे. वजन आणि किंमत यांची सांगड घालणारं हे कोष्टक म्हणजे हिऱ्यांची फार जुनी दरपत्रिकाच. विदर्भातल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. तेव्हा हा धंदा महाराष्ट्राच्या मातीलाही नवा नव्हता.

सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये हिऱ्यांसाठी वारंवार हिंदुस्थानात आला. त्याच्या प्रवासवर्णनातलं एक दृश्य खाणीवरच्या गावातलं आहे. गावाच्या चौकात मोठ्या झाडाखाली व्यापाऱ्यांची दहा ते पंधरा-सोळा वर्षांची मुलं सकाळी येऊन बसतात. प्रत्येकाच्या कमरेला एका बाजूला हिऱ्याच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या होनांची थैली. कुणी हिरा विकायला आणला की तो सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती द्यायचा. तो पाहतो, शेजारच्याकडे देतो, हिरा न बोलता साऱ्यांच्या हातून फिरतो आणि पुन्हा पहिल्याकडे येतो. मग भाव. संध्याकाळी दिवसभराची खरेदी मांडून वजन आणि प्रतवारीप्रमाणे लावायची आणि मोठ्या व्यापाऱ्यांना विकायची. नफा वाटून घ्यायचा, मोठ्याला किंचित जास्त. पोरसवदा वयातच हातात वजनं देऊन पारख शिकवण्याची ही शाळा होती.

याच ताव्हेर्नियेनं लिहून ठेवलेला वजनांचा तपशील वाचला की डोकं गरगरतं. रावलकोंडा आणि कोल्लूरच्या खाणींवर हिरे ‘मँगेलिन’मध्ये तोलायचे, एक मँगेलिन म्हणजे पावणेदोन कॅरेट. गोवळकोंडा आणि विजापूरच्या राज्यांतल्या बाजारात तोच मँगेलिन १⅜ कॅरेट. गोव्यात पोर्तुगीजांकडेही मँगेलिनच, पण तो पाच ग्रेनचा, म्हणजे फक्त सव्वा कॅरेट. नाव एक, वजनं तीन. खाणीवर दहा मँगेलिनचा म्हणून घेतलेला हिरा गोव्यात चौदा मँगेलिन भरायचा. आणि मोगलांच्या मुलखात सगळीकडे रती; ताव्हेर्नियेच्या हिशेबानं एक रती म्हणजे ⅞ कॅरेट.

ही रती आपल्या ओळखीची. तांबडी-काळी गुंज म्हणजेच रती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर सोन्याची गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची निघते. ताव्हेर्नियेची रती मात्र १८० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. दोन्हींत दीडपटीचा फरक. सोनं तोलायची रती वेगळी आणि रत्नं तोलायची वेगळी, असा तो मामला होता.

या दीडपटीनं इतिहासकारांना किती छळलं! १६६५ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाच्या दरबारात ताव्हेर्नियेला एक प्रचंड हिरा हाताळायला मिळाला. त्यानं नोंदवलेलं वजन ३१९½ रती. त्याच्या गुणाकारानं २७९ ⁹⁄₁₆ कॅरेट. हाच तो ‘ग्रेट मोगल’. त्याच्या आधी सव्वाशेहून जास्त वर्षं बाबरानं आपल्या आत्मचरित्रात आग्ऱ्याला हुमायूनच्या हाती आलेल्या हिऱ्याचं वजन सुमारे आठ मिस्काल लिहिलं होतं. मिस्काल चाळीस रतींचा धरला तर ते होतात ३२० रती. आकडा जवळजवळ तोच. आता या रती सोन्याच्या धरल्या तर वजन येतं ३९ ग्रॅमच्या आसपास, आणि इंग्रजांच्या हाती पडला तेव्हाचा कोहिनूर ३८.२ ग्रॅमचा होता. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अभ्यासक नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांनी यावरून असं मांडलं की ताव्हेर्नियेनं रतीचं माप चुकीचं लावलं आणि ग्रेट मोगल व कोहिनूर एकच. इतरांनी ते खोडून काढलं. ग्रेट मोगल पुढे नाहीसा झाला आणि वाद राहिला. कोणती रती, एवढ्या एका प्रश्नावर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हिऱ्याचं कूळ अडून बसलं.

आणि ही दीडपट इतिहासजमा झालेली नाही. ‘सव्वापाच रत्तीचा पुष्कराज घाला’ असं आजही सांगितलं जातं. रत्नांची रत्ती १८२ मिलिग्रॅमची धरली तर तो ४.७८ कॅरेट भरतो; सोन्याची गुंज धरली तर ३.१९ कॅरेट. ग्रहाला काय पटतं ते ज्योतिषानं पाहावं. ग्राहकानं पैसे देताना कॅरेट किंवा ग्रॅमच विचारावेत. कायद्यानं मान्य एककं तीच आहेत.

दोनशे मिलिग्रॅमचा तह

गोंधळ फक्त आपल्याकडे होता असं नाही. कॅरेटचं मूळ भूमध्य सागराच्या काठच्या कॅरोब झाडाच्या बियांत आहे. या सगळ्या बिया अगदी सारख्या वजनाच्या असतात, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. २००६ मध्ये झ्युरिक विद्यापीठातल्या लिंडसे टर्नबुल आणि सहकाऱ्यांनी त्या बिया खरोखरच तोलून पाहिल्या. इतर झाडांच्या बियांइतकाच फरक त्यांच्यातही निघाला. मात्र माणसं नजरेनं सारख्या बिया बऱ्यापैकी निवडू शकतात, हेही त्यांना दिसलं. म्हणजे अचूकपणा बीमध्ये नव्हता, निवडणाऱ्याच्या नजरेत होता.

प्रत्येक शहराच्या नजरेत तो वेगळा होता. लंडनचा कॅरेट सुमारे २०५ मिलिग्रॅम, फ्लॉरेन्सचा १९७, तुरिनचा २१३. १९०५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हा जगातला सर्वांत मोठा रत्नप्रतीचा हिरा जुन्या पुस्तकांत ३,०२५¾ कॅरेटचा आहे आणि नव्या पुस्तकांत ३,१०६.७५ कॅरेटचा. हिरा तोच, ६२१ ग्रॅमचा. बदलला तो कॅरेट.

हा बदल १९०७ साली झाला. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं कॅरेट नेमका २०० मिलिग्रॅमचा ठरवला. लंडनच्या कॅरेटपेक्षा तो थोडा हलका, म्हणजे एका रात्रीत लंडनच्या तिजोऱ्यांतल्या हिऱ्यांचे कॅरेट कागदावर वाढणार होते. अमेरिकेनं तो १९१३ मध्ये स्वीकारला, ब्रिटननं १९१४ मध्ये. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनं आली. तोळा कायद्यातून गेला, पण सराफकट्ट्यावर दहा ग्रॅमचा होऊन राहिला.

तरीही जुने आकडे चिवट असतात. कोहिनूर १८५२ मध्ये लंडनला पुन्हा कापला गेला. त्याचं वजन त्यानंतर जवळजवळ दीड शतक १०८.९३ कॅरेट म्हणून छापलं जात होतं. १९९२ मध्ये तो राजमातेच्या मुकुटातून बाहेर काढून आधुनिक काट्यावर ठेवला गेला, तेव्हा भरला १०५.६०२. तीन कॅरेटहून मोठी तफावत, तीही जगातल्या सर्वांत जास्त पहारा असलेल्या हिऱ्यात. कोंदणात बसलेल्या हिऱ्याचं वजन हा अंदाज असतो, हा धडा याहून ठसठशीतपणे कुठे मिळणार?

नव्याण्णव आणि शंभर

ताव्हेर्नियेनं हिऱ्याच्या भावाचा एक नियम दिला आहे. निर्दोष हिऱ्याचा एका कॅरेटचा भाव १५० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) असेल, तर १२ कॅरेटच्या हिऱ्याला १२ गुणिले १२, म्हणजे १४४, गुणिले १५० असे २१,६०० लिव्हर. वजन बारापट, किंमत एकशे चव्वेचाळीसपट. कारण उघड आहे. एक-एक कॅरेटचे बारा हिरे मिळतात. बारा कॅरेटचा एक मिळणं दुर्मीळ.

आजचा बाजार वर्गाचा हा नियम जसाच्या तसा पाळत नाही, पण त्याचा गाभा टिकून आहे. न्यूयॉर्कच्या मार्टिन रापापोर्ट यांनी १९७८ पासून सुरू केलेली दरपत्रिका जगभर भावतोलाचा आधार मानली जाते. तिच्यात वजनाचे टप्पे आहेत. ०.९० ते ०.९९ हा एक, १.०० ते १.४९ हा पुढचा. टप्पा बदलला की कॅरेटमागचा दर बदलतो. समजा, ०.९९ च्या हिऱ्याला कॅरेटमागे तीन लाखांचा दर आहे आणि १.०० च्या त्याच प्रतीच्या हिऱ्याला तीन लाख साठ हजारांचा. पहिला पडेल २ लाख ९७ हजारांना, दुसरा ३ लाख ६० हजारांना. मधलं अंतर दोन मिलिग्रॅमचं. बोटातल्या अंगठीत हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही.

हा टप्पा कुठे ओलांडायचा, हे सुरतेत ठरतं. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांतले दहातले नऊ भारतात पैलू घेतात आणि त्यांतले बहुतेक सुरतेत. कच्चा हिरा आधी यंत्रात फिरवून त्याची त्रिमितीय प्रतिमा घेतली जाते. आतले डाग कुठे आहेत, कुठून कापला तर काय निघेल, याचे अनेक पर्याय संगणक मांडतो. त्यांतला एक माणूस निवडतो. गोल हिरा काढताना कच्च्या मालाचं निम्मं किंवा त्याहून जास्त वजन भुकटी होऊन जातं. अष्टफलकी कच्च्या हिऱ्यातून बहुधा दोन तयार हिरे निघतात. त्यानंतर घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या फिरत्या चकतीवर, बसलेला रत्नकलाकार एकेक पैलू पाडतो आणि मधूनमधून काट्यावर ठेवून पाहतो. गेलेला सेंट परत जोडता येत नाही.

इथे दोन वाटा फुटतात. ०.९६ चा, पण उत्तम प्रमाणांचा, लखलखीत हिरा काढायचा, की पोट जरा खोल ठेवून, कंबर जाड ठेवून १.०१ वर थांबायचं? दरपत्रिका दुसऱ्या वाटेला खुणावते. अशा हिऱ्याचं वजन कंबरेत आणि तळात लपलेलं असतं. वरून पाहणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही आणि आत शिरलेला प्रकाश तळातून निसटून जातो. उत्तम कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो. एखादा ६.२ मिलिमीटरचा असूनही एक कॅरेट भरला, तर दिसायला तो ८७ सेंटच्या नीट कापलेल्या हिऱ्याएवढाच दिसेल. पैसे मात्र शंभर सेंटचे, तेही वरच्या टप्प्याच्या दरानं.

म्हणून नाशिकच्या हिऱ्याची कथा उलट्या दिशेनं वाचली पाहिजे. मोगलांच्या दरबारी ग्रेट मोगल घासायला दिला होता व्हेनिसच्या होर्तेन्सिओ बोर्जिओकडे. ९०० रतींचा कच्चा हिरा त्यानं घासून घासून ३१९½ वर आणला. मजुरी सोडाच, त्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला, असं ताव्हेर्निये सांगतो. तेव्हा वजन म्हणजेच हिरा होता. विन्स्टननं पस्तीसहून जास्त कॅरेट घालवले आणि त्याला कुणी दंड केला नाही, कारण तोवर बाजार प्रकाशाचेही पैसे मोजायला शिकला होता.

चाळणी, प्रयोगशाळा आणि बिल

एक-एक करून तोलण्याचं भाग्य मोठ्या हिऱ्यांचं. मंगळसूत्राच्या वाट्या, बांगड्या, कर्णफुलं यांत बसणारे बारीक हिरे चाळणीनं वेगळे होतात. पितळी डब्यात भोकं पाडलेल्या गोल ताटल्या एकावर एक बसवायच्या आणि हलवायच्या. ‘प्लस सहा-साडे’, ‘प्लस अकरा’ ही नावं त्या ताटल्यांच्या क्रमांकांवरून आली. अकरा नंबरच्या वर राहिलेला हिरा साधारण सात-आठ सेंटच्या पुढचा. मग ती सगळी रास एकदम तोलायची.

इथेच ग्राहकाची मोठी गफलत होते. ‘एक कॅरेटची अंगठी’ म्हणजे एक कॅरेटचा एक हिरा असू शकतो, किंवा दहा-दहा सेंटचे दहा हिरे. एकूण वजन दोन्हीकडे एकच, किंमत कित्येक पटींनी वेगळी. ताव्हेर्नियेचा वर्गाचा नियम इथे उलटा लागतो.

वजनाकडून आणखी एक काम करून घेता येतं. हिऱ्याची घनता ३.५२ आहे. साडेसहा मिलिमीटरचा सुटा गोल खडा काट्यावर ठेवला आणि तो एक कॅरेटऐवजी पावणेदोनच्या जवळ गेला, तर ते क्युबिक झिरकोनिया आहे, ०.९० च्या आसपास थांबला तर मॉयसनाइटची शंका घ्यावी. पण प्रयोगशाळेत घडवलेला हिरा या परीक्षेत सापडत नाही. तो हिराच आहे, घनता तीच, वजनही तेच. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा याच जातीचा. दोन-तीन कॅरेटचा हिरा आता मध्यमवर्गीय साखरपुड्यातही दिसतो, तो यामुळेच. ताव्हेर्नियेचा नियम ज्या दुर्मीळपणावर उभा होता, तोच इथे नाही. त्यामुळे खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे कळल्याशिवाय नुसत्या कॅरेटच्या आकड्याला आता अर्थ उरलेला नाही.

सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो आणि हिऱ्याचा वजन, हे वाचकांना ठाऊक असतंच. पण दोन्ही एकाच दागिन्यात आले की बिलात सरमिसळ होते. हिरे, मीना, खडे यांच्यासकट दागिना तोलायचा आणि सगळ्याला सोन्याचा भाव लावायचा, ही जुनी युक्ती. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता लिहून देणं सराफाला बंधनकारक आहे. हिऱ्यांचं वजन त्याखाली स्वतंत्र, कॅरेटमध्ये हवं.

धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला हिऱ्याचा दागिना घ्यायला निघालात, तर पाच गोष्टी विचारा. एकूण वजन नव्हे, सर्वांत मोठ्या हिऱ्याचं स्वतंत्र वजन किती? तो बसवण्याआधी तोललेला आहे की वजन अंदाजी आहे? त्याचा व्यास किती मिलिमीटर? दाखला कुणाचा, आणि त्यात खाणीतला की प्रयोगशाळेतला हे लिहिलंय का? काट्यावर यंदाचा शिक्का आहे का? ज्या दुकानात या पाचांची उत्तरं कपाळाला आठ्या न घालता मिळतात, तिथूनच घ्या. आणि ‘एक कॅरेट’ या शब्दाचा अट्टहास नसेल, तर ०.९५ चा नीट कापलेला हिरा मागा. तो जास्त चमकेल आणि पैसेही वाचतील.